मायसेल्फ...

जून-जुलै आला की आमच्या कंपनीत दोन गोष्टी हमखास सुरू होतात. शेडच्या पत्र्यावर पाऊस वाजायला लागतो, आणि कॉन्फरन्स रूममध्ये 'मायसेल्फ' सुरू होतं.

ज्यांचा संबंध आला नसेल त्यांच्यासाठी सांगते. नुकताच डिप्लोमा झालेला मुलगा आत येतो, प्लॅस्टिकची फाइल छातीशी धरून उभा राहतो, बसा म्हटलं की खुर्चीच्या पुढच्या चार इंचांवर बसतो आणि एका दमात म्हणतो, "गुड मॉर्निंग सर, गुड मॉर्निंग मॅडम. मायसेल्फ अमुक तमुक. आय ॲम फ्रॉम अमक्या गाव. माय फादर इज फार्मर, माय मदर इज हाउसवाइफ. देअर आर फाइव्ह मेंबर्स इन माय फॅमिली. माय हॉबीज आर लिसनिंग म्युझिक अँड प्लेइंग क्रिकेट. माय स्ट्रेंथ इज आय ॲम हार्डवर्किंग. दॅट्स ऑल अबाउट मी. थँक यू." तो गेला की पुढचा येतो. गाव वेगळं, आडनाव वेगळं, बाकी सगळं तेच. श्वास घ्यायची जागासुद्धा तीच, कारण शिकवणारे सर तेच!

मी क्वालिटीत काम करते. आमची कंपनी गाड्यांचे सुटे भाग बनवते, आणि दहाएक वर्षं मी ट्रेनी भरतीच्या पॅनेलवर बसते आहे. पॅनेल म्हणजे आम्ही तिघं. एक एचआरचे साहेब, एक प्रॉडक्शनचे, आणि मी. ही बातमी घरात पसरल्यापासून नात्यातल्या, सोसायटीतल्या, गावाकडच्या प्रत्येक पास झालेल्या मुलाच्या आईचा मला फोन येतो. प्रश्न एकच. "छाप कशी पाडायची असते गं?"

प्रत्येकीला फोनवर तेच ते सांगण्यापेक्षा एकदा लिहूनच काढावं म्हटलं. पण लिहायला बसले तेव्हा लक्षात आलं की हे उत्तर टेबलाच्या दोन्ही बाजूंचं आहे. पाडणाऱ्याचं निम्मं, आणि जिच्यावर छाप पडते त्या आमच्यासारख्या पाटीचं निम्मं.

आधी त्या 'मायसेल्फ'बद्दल. त्याला हसणं फार सोपं आहे. आमच्या घरातले आयटीवाले तर पोट धरून हसतात. पण जरा त्या मुलाच्या जागी बसून बघा. त्याच्या घरातलं कोणी अशा एसी खोलीत कधी बसलेलं नाही. आत काय होतं, काय विचारतात, कोणाकडे बघून बोलायचं, हे सांगणारं कोणी नाही. कॉलेजातल्या सरांनी सांगितलं की हे पाठ करा, हे म्हटलं की दार उघडतं. त्यानं ते प्रामाणिकपणे पाठ केलं. मित्राचा टाय आणला, बूट नवे घेतले (तळाला किमतीचं लेबल तसंच), आणि आला. मला त्यात हसण्यासारखं फारसं काही दिसत नाही. मला ते लग्नाच्या मंगलाष्टकांसारखं वाटतं. अर्थ कळो न कळो, म्हटल्याशिवाय पुढचं होत नाही.

माझ्या वडिलांच्या वेळी हे नव्हतं. त्यांच्या वेळी होती चिठ्ठी. ते १९७४ साली गावाहून पिंपरीला आले ते खिशात चिठ्ठी घेऊन. गावातले एक जण एका कारखान्यात फोरमन होते, त्यांची. गेटवर चिठ्ठी दाखवली, आत घेतलं, चार दिवसांनी मशिनवर उभं केलं. वडिलांसोबत त्यांचा एक मित्रही आला होता. वडील शेवटपर्यंत सांगायचे, "लेथवर तो माझ्यापेक्षा चांगला होता गं." पण त्याच्याकडे चिठ्ठी नव्हती. तो आठ दिवस गेटवर उभा राहिला आणि परत गेला. वडिलांना नोकरी लागल्याचा आनंद होताच, पण तो मित्र गेटवर राहिला ही गोष्ट त्यांनी आम्हाला इतक्या वेळा सांगितली, की त्यांच्या मनात ती कुठेतरी सलत असणार.

मुलाखत आली ती खरं तर या चिठ्ठीच्या जागी. कोणाचा कोण आहेस ते नको, तुला काय येतं ते सांग. म्हणजे कल्पना चांगलीच आहे. आणि ज्याची कुठेच ओळख नाही त्याच्यासाठी तर मुलाखतीची ती पंधरा-वीस मिनिटं म्हणजे एकमेव दार. म्हणूनच त्या आईचा फोन येतो, आणि म्हणूनच तिच्या आवाजात ती धाकधूक असते.

पण मंडळी, दहा वर्षं या बाजूला बसून मला असं वाटायला लागलंय की चिठ्ठी काही पूर्ण गेली नाही. तिनं फक्त रूप बदललं. आता ती खिशात नसते, जिभेवर असते. जो सफाईनं इंग्रजी बोलतो, खुर्चीत मागे टेकून बसतो, आमच्या विनोदाला बरोबर जागेवर हसतो, तो न सांगता आम्हाला सांगत असतो की मी तुमच्यातलाच आहे. आणि आम्ही ती चिठ्ठी वाचतो. वाचतोय हे आम्हालाही कळत नाही, इतक्या सहज वाचतो. मग कागदावर लिहितो, "गुड कॉन्फिडन्स."

सरकारलासुद्धा हा प्रश्न पडला होता. १५ ऑगस्ट २०१५ च्या लाल किल्ल्यावरच्या भाषणात पंतप्रधानांनी खालच्या पदांच्या मुलाखती बंद करायचं आवाहन केलं, आणि १ जानेवारी २०१६ पासून केंद्र सरकारच्या गट क आणि गट ब अराजपत्रित पदांसाठी मुलाखत बंदच झाली. लेखी परीक्षा आणि गरज असेल तिथे कौशल्य चाचणी, बस. मुलाखतीच्या नावाखाली वशिला आणि पैसे चालतात हे त्यामागचं मोठं कारण होतं. चिठ्ठीच्या जागी आणलेल्या गोष्टीतच चिठ्ठी शिरली, म्हणून ती गोष्टच काढून टाकली!

पैसे आणि वशिला सोडा, अगदी सरळ माणसांचंही यात काय होतं ते शंभर वर्षांपूर्वीच कोणीतरी मोजून ठेवलंय. एडवर्ड थॉर्नडाइक नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९२० साली लष्करी अधिकाऱ्यांनी आपल्या हाताखालच्या लोकांना दिलेले गुण तपासले. शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व, स्वभाव असे वेगवेगळे गुण द्यायचे होते. त्याला दिसलं की ज्याला एका गोष्टीत चांगले गुण, त्याला सगळ्यातच चांगले. माणसाची शरीरयष्टी आणि बुद्धी यांचा इतका घट्ट संबंध खरं तर असायचं काही कारण नाही. पण अधिकाऱ्यांच्या मनात आधी एक ठसा उमटत होता, 'हा चांगला आहे', आणि मग त्याच ठशाचा रंग सगळ्या रकान्यांत उतरत होता. याला त्यानं 'हेलो' म्हटलं. देवादिकांच्या चित्रात डोक्यामागे तेजोवलय असतं ना, ते.

आमच्या फॉर्मवरही असेच रकाने होते. त्यातला शेवटचा होता 'ओव्हरऑल पर्सनॅलिटी'. आणि खरं सांगायचं तर तो शेवटचा रकाना आधी भरला जायचा. मनातल्या मनात.

आता एका मुलीबद्दल सांगते. नाव-गाव सांगत नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या एका तंत्रनिकेतनातून मेकॅनिकल डिप्लोमा करून आलेली. त्या दिवशी अडतीस मुलं होती आणि जागा सहा. ही जेवणानंतर आली, म्हणजे सगळ्यांत वाईट वेळेला. 'मायसेल्फ' सुरू केलं आणि 'माय फादर'पाशी अडकली. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, पुन्हा तिथेच अडकली. एचआरचे साहेब म्हणाले, "इट्स ओके, रिलॅक्स." (हे दोन शब्द ऐकून आजवर कोणी रिलॅक्स झालेलं मी पाहिलेलं नाही.) मग त्यांनी विचारलं, तुझी वीकनेस काय? ती म्हणाली, "इंग्लिश." पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघतेस? ती म्हणाली, "सर, जॉबमध्ये."

मला ते उत्तर फार आवडलं. बाकी दोघांना नाही.

माझी पाळी आली की मी प्रश्न विचारत नाही. टेबलावर एक बुश ठेवते, एक व्हर्नियर ठेवते आणि म्हणते, बाहेरचा डायमीटर मोजून सांगा. व्हर्नियर साधा, ०.०२ मिलिमीटरचा. पण तो कॅलिब्रेशनमध्ये रिजेक्ट झालेला आहे. त्याचा लाल स्टिकर काढून मी तो मुद्दाम या कामासाठी ठेवलाय. जबडे पूर्ण मिटले तरी तो शून्य दाखवत नाही, दोन घरं पुढे दाखवतो. म्हणजे मापात ०.०४ ची भर. आमच्या काही जॉबना टॉलरन्सच तेवढा असतो. तेवढ्यात चांगला माल रिजेक्ट होतो, आणि रिजेक्ट माल गाडीला लागतो.

बहुतेक मुलं काय करतात? व्हर्नियर उचलतात, बुशवर लावतात, आकडा सांगतात. आत्मविश्वासानं सांगतात. या मुलीनं आधी रुमाल काढला. बुश पुसला, त्यावर तेल होतं. मग व्हर्नियरचे जबडे पुसले, मिटले, खिडकीच्या उजेडाकडे धरून पाहिले, पुन्हा एकदा उघडून मिटले. आणि मराठीत म्हणाली, "मॅडम, हा शून्याला नाहीये. दोन घरं पुढे आहे. वजा करून सांगू का आहे तसं सांगू?"

मी म्हटलं वजा करून सांग. तिनं एकदा मोजलं, बुश काटकोनात फिरवून पुन्हा मोजलं, दुसऱ्या टोकाला पुन्हा मोजलं, आणि तीन आकडे सांगितले. "एका बाजूला थोडा ओव्हल असेल" असंही म्हणाली. हे सगळं करताना तिचा हात जरासुद्धा थरथरत नव्हता. थोड्या वेळापूर्वी 'माय फादर'पाशी अडकलेली मुलगी ती हीच, हे सांगून पटलं नसतं.

अडतीस जणांत शून्य तपासणारे चारच निघाले. त्यांतली ही एक.

संध्याकाळी चर्चा झाली. मी तिला वरच्या सहांत धरलं होतं. एचआरचे साहेब म्हणाले, "मॅडम, उद्या कस्टमर ऑडिटला आला तर ही काय बोलणार?" मी म्हटलं, कस्टमर आला की तो रीडिंग विचारतो, हॉबीज विचारत नाही. प्रॉडक्शनचे साहेब म्हणाले, "मुलगी चांगली आहे हो, पण जरा बुजरी वाटते. शॉपवर टिकेल का?" माझ्याकडे व्हर्नियरचे तीन आकडे होते, त्यांच्याकडे 'वाटते' होतं. पण ती दोन मतं होती आणि माझं एक. तिला वेटिंग लिस्टवर दुसरा नंबर मिळाला. पुढे सहांपैकी एक जण आला नाही, त्याची जागा वेटिंगमधल्या पहिल्याला गेली. दुसऱ्या नंबराची पाळी आलीच नाही.

ती आता कुठे आहे मला माहीत नाही. कुठेतरी व्हर्नियरचा शून्य तपासत असावी अशी आशा आहे. पण त्या रात्री मला वडिलांचा तो लेथवाला मित्र फार आठवला.

अशा वेळी मी रामानुजनची गोष्ट मनाशी घोळवते. गणिती म्हणून जगाला माहीत झालेले रामानुजन १९१० साली नोकरीच्या शोधात वणवण करत होते. कॉलेजची परीक्षा नापास, पदवी नाही. त्या वर्षी ते नेल्लोरचे कलेक्टर रामचंद्र राव यांना भेटायला गेले. रावांना गणिताची आवड होती. त्यांनी पुढे त्या भेटीची आठवण लिहून ठेवली आहे. बुटका, जाडसर, दाढी न केलेला, फारसा स्वच्छही नसलेला तरुण, डोळ्यांत तेवढी चमक आणि काखेत एक जुनी वही. आजच्या कुठल्याही पर्सनॅलिटी डेव्हलपमेंटच्या क्लासमध्ये 'असे जाऊ नका' म्हणून दाखवावं असं ते चित्र! त्यांनी वही उघडून दाखवली, पण त्यातलं खरं किती आणि खोटं किती हे रावांना ठरवता येईना. तेव्हा त्यांनी एक फार मोठी गोष्ट केली. मत बनवलं नाही. "पुन्हा ये" म्हणाले.

पुढच्या भेटीत रामानुजननी समोरच्याचा आवाका ओळखून आधी सोपी सूत्रं दाखवली, मग पायरी पायरीनं वर नेलं. रावांची खात्री पटली. त्यांनी महिना २५ रुपये द्यायला सुरुवात केली, आणि १९१२ मध्ये रामानुजन मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये ३० रुपयांवर कारकून म्हणून लागले. पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

या गोष्टीतल्या दोन जागा मला फार महत्त्वाच्या वाटतात. एक म्हणजे ते रावांपर्यंत पोचले तेसुद्धा रावांच्या एका पुतण्या-भाच्यानं शब्द टाकल्यामुळे. म्हणजे रामानुजननाही गेटपर्यंत चिठ्ठी लागलीच! आणि दुसरी म्हणजे छाप त्यांनी पाडली नाही, त्यांच्या वहीनं पाडली. पण वही उघडली जाईपर्यंत समोरचा माणूस थांबला, म्हणून पाडता आली.

थांबायचं कसं, याची एक युक्ती आहे, आणि तीही जुनीच आहे. डॅनियल कानेमन, ज्यांना पुढे २००२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं आणि जे २०२४ मध्ये गेले, ते एकविशी-बाविशीत इस्रायलच्या सैन्यात होते. साल १९५५ च्या आसपास. कोणाला कुठल्या तुकडीत पाठवायचं हे ठरवण्यासाठी तिथे मुलाखती घेत, आणि त्या मुलाखतींतून बांधलेले अंदाज जवळजवळ निरुपयोगी ठरत. कानेमननी पद्धत बदलली. सहा गुण ठरवले, प्रत्येकासाठी ठरावीक प्रश्न. तेही मतं विचारणारे नाहीत, तर काय काय केलंस ते विचारणारे. आणि एका गुणाचे मार्क लिहून झाल्याशिवाय पुढच्याकडे जायचं नाही. मुलाखत घेणारे चिडले. आम्हाला काय यंत्रमानव करताय का, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा त्यांच्या समाधानासाठी कानेमननी सांगितलं, सगळे मार्क लिहून झाले की डोळे मिटा, हा माणूस सैनिक म्हणून कसा असेल ते मनात आणा आणि आणखी एक मार्क द्या. नंतर ताडून पाहिलं तर नवी पद्धत जुनीपेक्षा बरीच चांगली निघाली. आणि गंमत म्हणजे तो डोळे मिटून दिलेला मार्कसुद्धा उपयोगी ठरला. म्हणजे मनाचा कौल अगदीच टाकाऊ नसतो. फक्त तो शेवटी घ्यायचा, पहिल्या मिनिटाला नाही. २०११ साली आलेल्या 'थिंकिंग, फास्ट अँड स्लो' या पुस्तकात त्यांनी ही हकिकत सांगितली आहे.

मी हे आमच्याकडे मांडलं. एका वर्षात नाही ऐकलं कोणी, दुसऱ्या वर्षी थोडं ऐकलं. आता आमच्याकडे सगळ्यांना तेच पाच प्रश्न आणि तेच बुश. मार्क ज्याचे त्यानं आधी लिहायचे, मग चर्चा. 'ओव्हरऑल पर्सनॅलिटी'चा रकाना आहे, पण तो वेगळ्या कागदावर, शेवटी. आणि सुरुवातीलाच सांगायचं, "मराठी, हिंदी, इंग्रजी, ज्यात बोलायचं त्यात बोला." या शेवटच्या गोष्टीवरून सर्वांत जास्त वाद झाला. तेव्हा मी एवढंच म्हटलं, की यूपीएससीची मुख्य परीक्षा मराठीतून दिली असेल तर मुलाखतही मराठीतून देता येते, दुभाषी देतात. २०२५ पैकी २७५ मार्कांची ती मुलाखत, त्यातून कलेक्टर निवडायचे. कलेक्टर मराठीतून निवडता येतो तर ट्रेनी का नाही? यावर काही उत्तर आलं नाही, म्हणून तो नियम झाला. :-)

असो. टेबलाच्या या बाजूचं झालं. आता त्या बाजूचं, म्हणजे फोन करणाऱ्या आयांसाठी आणि मुख्यतः माझ्या भाचीसाठी.

भाचीचे आतापर्यंत चार इंटरव्ह्यू झाले आणि चारही गेले. ताईचा फोन आला, "तिला जरा बोलायला शिकव गं." मी घरी गेले तर पोरगी आरशासमोर उभी राहून 'मायसेल्फ' करत होती. आवाज वेगळा, हसणं वेगळं. आधी मला वाटलं चेष्टा करतेय. चेष्टा नव्हती. हीच मुलगी, जिनं गेल्या दिवाळीत वडिलांच्या स्कूटरचा कार्ब्युरेटर उघडून, साफ करून, पुन्हा बसवून गाडी चालू करून दाखवली होती. मी म्हटलं, "अगं, हे सांगितलंस का कुठे?" तर म्हणते, "मावशी, ते काय सांगायचं? ते घरचं काम आहे."

माझ्या मते सगळी गोम इथे आहे. या मुलांना वाटतं की मुलाखतीत सांगायची गोष्ट म्हणजे काहीतरी वेगळी, इस्त्रीची. आणि स्वतःच्या हातानं केलेलं काम म्हणजे घरचं, सांगण्यासारखं नाही. उलट आहे गं! 'हार्डवर्किंग' अडतीस जण म्हणतात. तो शब्द आमच्या कानावरून वाहून जातो, कागदावर उतरत नाही. पण "कार्ब्युरेटरचं जेट चोक झालं होतं, पहिल्यांदा बसवला तेव्हा पेट्रोल गळत होतं, मग पुन्हा उघडला तेव्हा कळलं की गॅस्केट उलटं बसलंय" असं कोणी म्हटलं, की तिघांचीही मान वर होते. ते खोटं सांगता येत नाही. आणि ते सांगताना माणसाचा आवाज आपोआप स्वतःचा होतो.

तेव्हा एकच काम निवड. काय केलं, कशानं केलं, किती वेळ लागला, कुठे अडलं, मग काय केलं. एवढं तीन मिनिटांत सांगता आलं पाहिजे. फायनल इयरच्या प्रोजेक्टबद्दल विचारलं तर "आम्ही ग्रुपनं मशीन बनवलं" म्हणू नकोस. निम्मे प्रोजेक्ट विकत आणलेले असतात हे आम्हाला माहीत असतं. त्यातला कुठला तुकडा तुझ्या हातचा, तेवढाच सांग, मग तो एक ब्रॅकेट का असेना.

येत नसेल तर "माहीत नाही" म्हण. खाली मान घालून नाही, सरळ. आणि जमलं तर त्यापुढे, "पण मी ते असं शोधून काढीन" हेही म्हण. मराठीत बोलायचं असेल तर ते आधीच विचार. अडकल्यावर विचारलं तर ते माघार घेतल्यासारखं दिसतं, आधी विचारलं तर ते साधं विचारणं असतं. कंपनी काय बनवते ते जायच्या आधी बघून जा. कपडे धुतलेले, इस्त्रीचे आणि सवयीचे असावेत, बूट आधी आठ दिवस वापरलेले. (लेबल काढ.) शेवटी "काही विचारायचंय का?" म्हणतात, तेव्हा "पहिल्या महिन्यात मला काय काम असेल?" असं विचार. दहा वर्षांत मला हा प्रश्न विचारणारे मोजून पाच-सहा भेटले असतील, आणि ते सगळे मला आठवतात.

आणि 'मायसेल्फ' म्हण हवं तर. त्यानं काही बिघडत नाही. सुरुवातीचा श्वास घ्यायला उपयोगी पडतं. फक्त तिथे थांबू नकोस. ते मंगलाष्टक झालं, संसार पुढे आहे.

हे वाचणाऱ्यांपैकी कितीतरी जण स्वतः पॅनेलवर बसता, मला माहीत आहे. तुम्हाला एकच विनंती. समोरचं पोर पहिल्या मिनिटाला अडकलं तर पेन खाली ठेवा. त्याच्या हातात काहीतरी द्या. तुमचं काम हिशेबाचं असेल तर एक चुकीचं बिल द्या, दुकानाचं असेल तर एक चिडलेलं गिऱ्हाईक व्हा, आणि मग बघा. वही उघडायला वेळ द्या.

भाचीचा पाचवा इंटरव्ह्यू येत्या गुरुवारी आहे. लागेल की नाही सांगता येत नाही. ताईला मी एवढंच सांगितलंय की नाही लागली तर "तू कमी पडलीस" असं तिला म्हणू नकोस. त्या वर्षी आमच्याकडेही अडतीस मुलं होती आणि खुर्च्या सहाच होत्या. बत्तीस जणांत काही खोट होती म्हणून ती परत गेली नाहीत.